तांदळात लिहिलेलं नाव

अगं, ऐकलंस का.

बघ, पुन्हा तिथनंच सुरुवात झाली. शेहेचाळीस वर्षं तुला हीच हाक मारली, आता तू नाहीस तरी तोंडातनं हीच निघते. परवा सकाळी चहा टाकला आणि म्हटलं, "अगं, ऐकलंस का, साखरेचा डबा कुठाय?" डबा डोळ्यांसमोर होता. ऐकणारी तेवढी नव्हती.

हे लिहायला संगीनं बसवलंय. म्हणाली, "तात्या, आईच्या कथांचं पुस्तक निघतंय, शेवटची चार पानं तुमची पाहिजेत. आईशी बोलत होता तसं लिहा." मी म्हटलं, "पोरी, मी चौथी शिकलेला गुळव्या. गुऱ्हाळाच्या काहिलीतनं उसाचा रस कधी उतरवायचा ते विचार, पानं कसली मागतीस?" आणि खरं सांगायचं तर तुझ्याशी मी बोलत होतो कुठं? हुकूम सोडत होतो, नाहीतर भांडत होतो. तेव्हा भांडणच लिहितो. अर्धी राहिलेली लई आहेत. संगी मास्तरीण आहे, शुद्धलेखन ती बघेल. पण तिला दम देऊन ठेवलाय, माझं एकही वाक्य गोड करायचं नाही.

कधी गेलीस, कशानं गेलीस, ते लिहीत नाही. ते तुझ्यासमोरच झालं. तू गेल्यानंतरचं लिहितो, कारण तेवढंच तुला ठाऊक नाही.

दुसऱ्याच दिवशी मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. सौ. सुमन चौगले.' फोटो संगीच्या लग्नातला, नथ घातलेला. पेपरातही तसंच दिलं. छापायच्या आधी मला दाखवलं, "तात्या, नाव बरोबर आहे का?" मी चष्मा न लावताच म्हटलं, "बरोबर हाय." त्या दोन शब्दांची शिक्षा मी अजून भोगतोय.

तेराव्याला तुझ्या माहेरचं कोणी आलं नाही. भाऊ तुझा आधीच गेलेला, पण बाकीची माणसं? मी पंगतीत फिरत होतो आणि मनात शिव्या देत होतो. म्हटलं, धरणाची माणसं ही, गाव बुडालं तशी मायाही बुडाली ह्यांची. संगीला तसं बोलूनही दाखवलं.

पंधराव्या दिवशी दुपारी गंगू आली. तुझी गंगू. आडघोलात, तुमच्या त्या धरणात बुडालेल्या गावात, तुमची दोघींची घरं समोरासमोरच्या उतारावर होती, मधे ओढा होता, एवढंच तिच्याबद्दल मला माहीत. वर्षातनं एकदोनदा यायची, तुम्ही दोघी परड्यात बसून बोलायचा, मी आलो की गप्प व्हायचा. ती दारात उभी राहिली, हातात पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी. म्हणाली, "दाजी, साळू हाय का घरात? फोन लागंना झालाय तिचा."

तुझा फोन कपाटात बंद पडलेला, मला चार्ज करायचं सुचलंच नव्हतं. तिनं माझ्या खांद्यावरनं आत बघितलं. भिंतीवर तू, हार घातलेली. गंगू तिथंच उंबऱ्यावर बसली. रडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "चौकात बघितलं की मी तिला. म्हटलं, तोंडावळा साळूचा, पर एका पोराकडनं नाव वाचून घेतलं तर भलतीचंच. दुसरी कोन तरी आसंल. हात जोडले आन् फुडं आले."

मी म्हटलं, "पेपरात दिलं होतं, गंगूबाई."

"पेपर येतोय आमच्यात. नातसून रोज वाचून दावती. मेलेल्यांचं पान आमी पयलं वाचतो, धरणापायी आमची मानसं पाच वसाहतीत पांगल्यात, कोन गेलं कोन ऱ्हायलं तिथंच कळतंय. साळू न्हवती त्यात."

"सुमन म्हणून होतं."

"सुमन कोन?"

टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो. टोमणा नव्हता. तिला खरंच ठाऊक नव्हतं. जिच्याबरोबर तू ओढ्यात पोहायला शिकलीस, जिच्या बाळंतपणाला आठ दिवस जाऊन राहिलीस, तिला तुझं माझ्या घरातलं नाव माहीत नव्हतं. तू कधी सांगितलंच नव्हतंस.

मग मी तिला ती तांदळाची हकीकत सांगितली. तुला सांगायला नको, पण पुस्तक वाचणाऱ्यांना सांगावं लागेल. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, नावही साळूबाईच. थोरल्या नणंदेचं नाव भावजयीला चालत नव्हतं आमच्यात. कुणी परड्यातनं ओरडलं, "साळे, शेण काढ," तर अक्काचा मान कुठं राहणार? म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली, कुणीतरी कानात सांगितलं, "सुमन लिही." मी लिहिलं. तुला म्हणाले, "वाच." तू खाली मान घालून वाचलंस. सगळी हसली, मीही हसलो. त्या तांदळांचं पुढं काय झालं, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी शिजवले असतील.

गंगूनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. अक्काचा मान. आन् अक्का हाय का आता?"

"न्हाय. बावीस वर्षं झाली."

"मग बावीस वर्षं काय अडलं हुतं?"

मी उठून तुझ्या फोटोचा हार सारखा केला.

"आन् दाजी, ह्या सुमनला तरी हाक मारत हुतासा काय तुमी?"

"न्हाय. आमच्यात बायकोला नावानं हाक मारत न्हाईत. अगं ऐकलंस का, म्हणायचो."

गंगूनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काहिलीत पडलेल्या माशीकडं मी बघतो. म्हणाली, "हाक मारायचीच न्हवती तर बदललंसा कशाला?"



आता तुझ्या-माझ्या खऱ्या भांडणाकडं येतो. तुझी पहिली गोष्ट दिवाळी अंकात छापून आली तो दिवस. संगीच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर तू काहीतरी लिहीत असतेस, हे मला दिसत होतं. मला वाटायचं, रेसिपी. मग तो अंक पोस्टानं आला. गोष्टीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'साळू आडघोलकर'. माझं टाळकंच फिरलं.

"हे आडनाव कुठलं?"

"माझं."

"तुझ्या बाचं तर हे न्हवतं."

"बाचं बापाजवळ. हे मी केलंय. गाव पाण्याखाली गेलं, आडनावात तरी कोरडं राहू दे."

"आन् चौगले काय वाईट झालं?"

"वाईट कुठं म्हणतोय आमी? रेशनकार्डावर हाय की ते."

असं बोलायचीस. मी ताट सरकवून उठलो होतो. आठ दिवस तुझ्या हातचं खाल्लं, पण तुझ्याकडं बघितलं नाही. ती गोष्टही वाचली नाही. पुढं दहा छापून आल्या. त्याही नाही. मंडईत कुणी म्हटलं, "चौगले, मालकीणबाई लिहितात म्हणे," तर मी म्हणायचो, "रिकामी हाय, काय करंल?"

त्या बक्षिसाचं तरी तुला माफ करता आलं का गं मला? पत्रिका आली होती, 'साळू आडघोलकर व त्यांचे यजमान.' मी म्हटलं, "साळूबाईचा नवरा म्हणून मी मागं खुर्चीत बसू? मला गुऱ्हाळावर काम हाय." काम नव्हतं. हंगाम संपलेला. तू एकटी केएमटीच्या बसनं गेलीस आणि संध्याकाळी शाल नि नारळ घेऊन आलीस. मी विचारलं नाही काय झालं, कोण आलं होतं, टाळ्या पडल्या का. नारळ घेतला, फोडला आणि म्हटलं, "आमटीला झाला." तू हसलीस. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा काढला नाही. आता रोज काढतोय, रोज वेगळा निघतोय.

आणि एकदा हात भाजले होते माझे, दोन्ही, कोपरापर्यंत. दीड महिना तू घास भरवलास, अंघोळ घातलीस, मिशी कातरलीस. एकदा म्हणालीस, "रिकामे बसलायसा, एक गोष्ट वाचून दाखवू?" मी म्हटलं, "तू घास भरव, गोष्ट नको." तू घास भरवलास. त्या दीड महिन्याचे उपकार ह्या जन्मात फिटायचे नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त तोंडानं म्हटलं नाही. तेही आत्ताच म्हणतोय, जेव्हा उपयोग नाही.

त्या दुपारी गंगू उठताना मी तिला पुस्तकाचं सांगितलं. छापणाऱ्या बाईंचा फोन आलेला होता, नाव कुठलं घालायचं ते वारसांनी ठरवून लिहून द्या म्हणून. गंगूनं विचारलं, "मग कुठलं घालतायसा?" एवढं ऐकून घेतल्यावरसुद्धा माझा ताठा बघ. मी म्हटलं, "चौगले. ह्या घरात बसून लिहिलंय तिनं. ह्या घराचं नाव लागंल."

गंगूनं पदर खोचला. "लावा. खुशाल लावा. आमाला तिच्या मरणाचा पत्ता लागला न्हाई, पुस्तकाचाबी लागायचा न्हाई. आमच्या पाची वसाहतीत एक बाई हात लावायची न्हाई त्याला. आमी आडघोल बघून वाचतो, दाजी. दुसरं कुठं लिवलेलंच ऱ्हायलं न्हाई ते."

भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि गेली.

ती भाकरी मी खाल्ली. एकटाच. मग तुझी ट्रंक काढली. अंक सगळे ओळीनं लावून ठेवले होतेस. मी वाचायला लागलो. मला वेळ लागतो, ओठ हलवत वाचतो मी, एका गोष्टीला दोन दिवस. पण वाचल्या.

त्या खिडकीवरच्या बाईची वाचली. जमिनीच्या कागदासाठी कचेरीत जाते, कारकून विचारतो, बापाचं नाव? नवऱ्याचं नाव? ती सांगते. गाव? ती सांगते. तो यादीत बोट फिरवतो, म्हणतो, "हे गाव नाही बाई." ती म्हणते, "गाव नाही हे मला ठाऊक आहे साहेब, म्हणून तर मी इथं आलेय." मी मोठ्यानं हसलो आणि हसता हसता गप्प झालो, कारण त्या बाईचं लुगडं हिरवं, काठाला दुरुस्त केलेलं, आणि त्या लुगड्यात तू मला एकदा म्हणाली होतीस, "उद्या कचेरीत जायचंय, येता काय बरोबर?" त्याच गोष्टीत ती म्हातारी आहे ना, ती म्हणते, "इंग्रज आमच्या घोलात कधी आलाच न्हाई, वाट कुठं हुती? आलं ते आपलंच सरकार, हार घालून घेतला आन् गाव घेतलं." हे वाक्य मी दोनदा वाचलं. स्वातंत्र्यदिनाला शाळेत मी झेंड्याला सलाम ठोकायचो तेव्हा तू कडेला कशी उभी असायचीस, ते आठवलं. तूही सलाम करायचीस. थोडा उशिरा.

दुसरी नाचणीची. तांबड्या मातीतली पोर काळ्या रानात लग्न होऊन येते. पावसाळ्यात काळ्या चिखलात तिला चालायला येत नाही, पाय रुततात, बाकीच्या बायका 'धरणवाली' म्हणून हसतात. ती दारात एका फुटक्या घागरीत नाचणी लावते. एक कणीस येतं, तेही चिमण्या खातात. सासू ओरडते. पोर म्हणते, "खाऊ देत, त्यांना तरी ओळख पटली." अगं, ती घागर मी फेकून दिली होती. कुठलं गवत लावलंय म्हणून. तू गोष्टीत ते घातलं नाहीस. गोष्टीतली घागर शेवटपर्यंत दारात आहे.

मला वाटलं होतं, तू मला गोष्टीत झोडपलं असशील. सगळीकडं मी स्वतःला शोधत होतो, शिव्या खायच्या तयारीनं. कुठंच नव्हतो. शेवटी ट्रंकेच्या तळाशी वही सापडली, न छापलेल्या गोष्टीची. नाव 'काहिलीवरचा माणूस'. म्हटलं, आलं. बस आता, ऐक.

त्यात मी आहे. हुबेहूब. धोतर वर खोचलेलं, चुलवाणाच्या धगीनं तोंड तांबडं. रसाचा बुडबुडा बघून सांगतो, अजून नाही, अजून नाही, आत्ता. पाण्यात थेंब टाकून गोळी धरतो. सगळं बरोबर लिहिलंयस. लोक म्हणायचे ना, ह्या माणसाच्या हातनं आयुष्यात एक काहील बिघडली नाही. तेही लिहिलंयस. बायको दुपारची भाकरी घेऊन येते, काहिलीशेजारी बसते. रस शेवटाला आलाय. आणि तो माणूस तिच्याकडं वळून विचारतो, "तुझ्या गावात घरं किती होती गं?"

बायको मोजायला लागते. पहिलं घर ओढ्याकाठचं, आंब्याखालचं. दुसरं सुताराचं, दारात रंधा टांगलेला. तिसरं म्हातारीचं, तिच्या कोंबड्या छपरावर झोपायच्या. तो ऐकत राहतो. मागनं चुलवाणात जाळ घालणारा जळव्या ओरडतो, "मामा, रस जळाला!" तो ऐकतच राहतो. त्या दिवशीचा गूळ काळा होतो. त्याच्या आयुष्यातला पहिला बिघडलेला गूळ. आणि तो म्हणतो, "होऊ दे. पुढचं घर सांग."

साळू, मी हे कधी विचारलं नाही. शेहेचाळीस वर्षांत एकदाही नाही. काहिलीवर असताना नाही, नसताना नाही. तू मला झोडपलं नाहीस गं. तू मला मी होतो त्याच्यापेक्षा चांगलं केलंस. झोडपलं असतंस तर बरं झालं असतं, मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

गोष्ट एकोणिसाव्या घरावर थांबलीये. 'एकोणिसावं घर' एवढं लिहिलंयस आणि खाली कोरं पान.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि गंगूच्या वसाहतीत गेलो. तुझ्याबरोबर कधी गेलो नव्हतो, म्हणून तीनदा वाट विचारली. सरळ ओळीत घरं, सगळी एका मापाची. गंगू दारात शेंगा फोडत होती. मला बघून उठली नाही.

"काय दाजी, वाट चुकलासा?"

मी म्हटलं, "आडघोलात घरं किती हुती?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं शेजारच्या दोघींना हाक मारली. हाक कशी मारली सांगू? नाव दोनदा घेतलं, पहिलं आखूड, दुसरं लांब, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, "दोन दारं सोडून तर हाय ती, एवढं वरडायला काय झालं?" गंगू म्हणाली, "मधी दरी आसायची आमच्या. गळ्याला सवय लागली. साळूचंबी तसंच घ्यायचं, साळू, साळूऽऽऽ."

मी वही उघडली, एकोणीस वाचून दाखवली. म्हाताऱ्या माना हलवत होत्या. मग पुढची त्या सांगायला लागल्या आणि भांडण सुरू झालं.

"इसावं म्हंजे पानदीवरचं, तात्याबाचं."

"आगं, तात्याबाचं आन् त्याच्या भावाचं एकच."

"एक कसं? चुली दोन हुत्या!"

"चुली दोन, पर छप्पर एक."

"छप्पर मोजायचंय का मानसं?"

"आन् ओढ्यापल्याडची धनगराची खोप धरायची का?"

"धरायची न्हाई? पावसाळ्यात तिच्यातच आमी थांबायचो. घाल दाजी, घाल."

तासभर चाललं. एकतीस निघाली. मी सगळी लिहून घेतली. उठताना गंगूनं विचारलं, "हे मोजून काय करनार?" मी म्हटलं, "बारा राहिली हुती तिची."

छापणाऱ्या बाई म्हणाल्या, ही बारा घरं गोष्टीत घालता येणार नाहीत, तुमचं लेखन त्यांच्या लेखनात घुसवायचं नाही. बरोबर बोलल्या. मी आधीच लई घुसवलंय. म्हणून इथं लिहितो, माझ्या पानात. विसावं पाणंदीवरचं, चुली दोन. एकविसावं त्याच्या भावाचं, छप्पर तेच. बाविसावं तुझ्या आत्याचं, जिच्या दारातली जांभळं तू चोरायचीस. तेविसावं रिकामं, माणूस मुंबईला गेलेला, पण दिवा लावायला शेजारीण जायची. चोविसावं, पंचविसावं, सव्विसावं एका रांगेत, तीन भाऊ, तिघांचं आपसांत बोलणं नाही. सत्ताविसावं गंगूचं. अठ्ठाविसावं देवळातल्या गुरवाचं. एकोणतिसावं शाळा, घर नाही, पण मास्तर तिथंच झोपायचे म्हणून धरलंय. तिसावी धनगराची खोप. एकतिसावं गंगूच्या समोरच्या उतारावरचं. तुझं. तू शेवटी ठेवलं होतंस ना? म्हणूनच पहिल्या एकोणिसात नव्हतं. मला असं वाटतं. विचारायला तू नाहीस.

मग नावाचा कागद. कोर्टाबाहेर स्टँपच्या दुकानाशेजारी एक बाई कॉम्प्युटर घेऊन बसते, तिच्याकडं गेलो. प्रतिज्ञापत्र पाहिजे म्हटलं. तिनं न बघताच टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "सौ. सुमन चौगले ऊर्फ साळू आडघोलकर ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे."

मी म्हटलं, "एकच कशी? एकीबरोबर मी संसार केला. दुसरीची ओळखबी करून घेतली न्हाय."

"आजोबा, दोन लिहिल्या तर काम नाही व्हायचं."

"बरं, एकच लिव्हा. पण साळू आधी घाला, ऊर्फ मागं."

"तसं नसतं. कार्डावरचं नाव आधी येतं."

"पोरी, आईच्या पोटातनं आली तवा कोण हुती ती?"

"साळू."

"मग आधी कोण आलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, खोडलं आणि उलटं टाइप केलं. कागद देताना हळूच म्हणाली, "माझंही बदललंय, आजोबा." मी विचारलं, "आधीचं काय हुतं?" तिनं सांगितलं. ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. पण विचारलं मी. जरा उशिरा शिकलो, पण विचारलं.

तर पुस्तकावर तुझंच नाव आहे. साळू आडघोलकर. चौगले आत कुठंतरी बारीक अक्षरात असेल, नसला तरी चालेल. गंगू पाच वसाहतींत पाच प्रती नेणार आहे, मला पिशवी धरून चला म्हणाली. जाणार.

आज सकाळी गच्चीवर गेलो. तू पापड घालायच्या निमित्तानं तासन्‌तास तिथं उभी राहायचीस, जोतिबाच्या डोंगराकडं बघत. मी पावण्यारावळ्यांना सांगायचो, "आमच्याकडं जोतिबाची लई भक्ती हाय." तू कधी खोडून काढलं नाहीस. गंगूनं सांगितलं, तू जोतिबाच्या पलीकडं बघायचीस, पन्हाळ्याच्याही मागं, मलकापूर ओलांडून, जिथं आता नुसतं पाणी आहे. डोंगर मधे आला म्हणून देवाला दिसला.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. इकडं तिकडं बघितलं. लाज वाटली, म्हातारा माणूस. मग घेतलं नाव. आखूड, "साळू." मग लांब, "साळूऽऽऽ."

गंगूच्या हाकेएवढी लांब गेली नाही. आपल्या गल्लीच्या पलीकडंसुद्धा गेली नसेल. पण शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळवत बसलेली देसायांची सून दचकून उभी राहिली.

"तात्या, कुणाला हाक मारलीसा? शेळी घेतलीसा व्हय?"

"बायको," मी म्हटलं.

"काकूंचं नाव तर सुमन हुतं की."

"ते मी ठेवलेलं. हे तिचं."

तिनं मिरच्यांचं सूप खाली ठेवलं आणि कठड्याजवळ आली. वीस वर्षं शेजारी आहे ती आपल्या, तुझ्या हातची पुरणपोळी खाल्लीये, तुझ्या फोटोला हार घातलाय. म्हणाली, "कुठलं हो गाव काकूंचं?"

"आडघोल," मी म्हटलं. "एकतीस घरं. बस, सांगतो."